०.२ ते १.३ : माझ्या सी-पेप्टाइडची गोष्ट

"तुमचं स्वादुपिंड आता इन्सुलिन बनवत नाही." हे मला ज्या रिपोर्टवरून सांगितलं गेलं त्यात एकच आकडा होता : सी-पेप्टाइड ०.२. (इन्सुलिन बनताना त्याच्याबरोबर रक्तात उतरणारा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड; तो मोजला की स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवतं ते कळतं.) त्या आकड्यावर माझे पुढचे पाच महिने गेले. गोळी बंद झाली, इन्सुलिन वाढलं, आणि रात्री घामाने भिजून जागं होणं नेहमीचं होऊन बसलं. तो आकडा चुकीचा मोजला गेला नव्हता, पण भलत्या वेळी मोजला गेला होता. हे मला खूप उशिरा कळलं, तेही दुसऱ्यांदा नीट चाचणी केल्यावर. ती दुसरी चाचणी कशी झाली, काय विचार करून केली, ते लिहिते आहे.

मधुमेह निघाला तेव्हा मी ३७ वर्षांची होते. वजन बेताचं, घरात कुणाला मधुमेह नाही. तरी वय पाहून टाइप २ ठरला आणि गोळ्या सुरू झाल्या. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग एक गोळी पुरेना, दोन पुरेनात, आणि चौथ्या वर्षी इन्सुलिनवर आले. तेव्हा पहिल्यांदा शंका निघाली की हा टाइप २ नसावा. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते, तो टाइप १ मधुमेह मोठ्या वयातही येतो, आणि तेव्हा तो फार सावकाश येतो. त्याला लाडा म्हणतात. स्वादुपिंडात किती इन्सुलिन उरलंय ते बघू, म्हणून सी-पेप्टाइड लिहून दिलं.

त्या दिवशी काय झालं ते मला आजही बारीकसारीक आठवतं, कारण नंतर त्याच तपशिलांवर सगळं उलगडलं. दुपारची वेळ होती. सकाळचं इन्सुलिन घेतलेलं, जेवण लांबलेलं. माझा नंबर येईपर्यंत हात थरथरायला लागले होते. रक्त दिलं, बाहेरच्या बाकावर बसले आणि मीटरवर बोट टोचलं. ५८. पर्समधल्या ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या, दहा मिनिटं डोळे मिटून बसले, घरी गेले. शुगर किती आहे असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याच नळीतून शुगरही मोजावी असं कागदावर लिहिलेलं नव्हतं.

रिपोर्ट आल्यावर मी रात्री वाचत बसले. एके ठिकाणी दिसलं की सी-पेप्टाइड ०.२ किंवा त्याहून जास्त असेल तर स्वादुपिंडात उपयोगाचं काही उरलंय असं समजतात. जीव भांड्यात पडला. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तिथलं ०.२ हे नॅनोमोल प्रति लिटरमध्ये होतं आणि माझं नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरमध्ये. नॅनोमोलमधलं ०.२ म्हणजे नॅनोग्रॅममध्ये साधारण ०.६. माझा आकडा त्याच्या एक तृतीयांश होता. ही एककांची गफलत कुणाचीही होऊ शकते, म्हणून मुद्दाम सांगते : आकड्याआधी एकक वाचा. काही ठिकाणी हाच आकडा पिकोमोलमध्येही देतात, म्हणजे तेच ०.२ तिथे २०० होतं.

पुढचे पाच महिने मी 'संपलेलं स्वादुपिंड' घेऊन जगले. ते ऐकणं किती जड जातं हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. शरीरातला एक अवयव आतल्या आत, काही न सांगता विझून गेला, आणि आपण त्याचा निरोपही घेतला नाही, असं काहीसं वाटत राहतं.

मग डॉक्टर बदलले. नव्या मॅडमनी जुना रिपोर्ट हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त घेतलं तेव्हा शुगर किती होती?"

रिपोर्टमध्ये नव्हती. मी मीटर काढून त्या तारखेपर्यंत मागे मागे गेले. ५८ सापडले.

"मग या ०.२ चा काही अर्थ लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "शुगर ५८ असताना निरोगी माणसाचं स्वादुपिंडसुद्धा इन्सुलिन बंद करतं. तसं बंद करायलाच हवं. झोपलेल्या माणसाला बघून तो चालू शकत नाही असं ठरवण्यासारखं झालं हे. त्याला उठवून बघायला पाहिजे."

त्या 'उठवून बघण्याला' उद्दीपन चाचणी म्हणतात. स्वादुपिंडाला काहीतरी चेतना द्यायची आणि त्याला उत्तर म्हणून संप्रेरकं किती वाढतात, किती वेळात वाढतात, ते रक्तात ठरावीक मिनिटांनी मोजायचं. चेतना देण्याचे रस्ते अनेक. शिरेतून ग्लुकोज देतात, आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल देतात, किंवा ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक १ मिलिग्रॅम शिरेतून टोचून सहाव्या मिनिटाला रक्त घेतात. हा शेवटचा प्रकार झटपट उरकतो, पण बऱ्याच जणांना त्याने मळमळतं. माझ्यासाठी मॅडमनी मिश्र आहाराची चाचणी निवडली. पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध तिन्ही असलेलं, ठरलेल्या मापाचं पेय प्यायचं आणि दोन तास रक्त देत राहायचं.

शिरेतून ग्लुकोज दिलं तर सरळ होत नाही का, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी आतड्याची गोष्ट सांगितली, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच. तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर जितकं इन्सुलिन सुटतं, त्याहून पुष्कळ जास्त ते तोंडावाटे घेतल्यावर सुटतं. कारण अन्न आतड्यात पोचताच आतडं जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरकं सोडून स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतं. जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांतच मोडून जातं, पण तेवढ्यात निरोप पोचलेला असतो. टाइप २ मध्ये ही वर्दीच नीट ऐकू जात नाही. जेवणाने चेतवलं तर ही सगळी साखळी एकदम कामाला लागते, रोज लागते तशी.

आणि इन्सुलिन सोडून सी-पेप्टाइड का मोजायचं? बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी तयार करतात. तिच्या मधला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा कापून निघतो, तो सी-पेप्टाइड. उरलेली २१ आणि ३० ची दोन टोकं एकमेकांना जोडलेली राहतात, ते इन्सुलिन. म्हणजे जितके इन्सुलिनचे रेणू, तितकेच सी-पेप्टाइडचे. प्रोइन्सुलिनचा हा शोध शिकागोत डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ साली लावला. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे माझ्यासारखी रोज टोचून घेणारी असली तरी रक्तातलं सी-पेप्टाइड हे फक्त माझ्याच पेशींचं असतं. शिवाय इन्सुलिन स्वादुपिंडातून निघालं की आधी यकृतात जातं आणि साधारण निम्मं तिथेच खर्ची पडतं. उरलेलंही काही मिनिटांत नाहीसं होतं. सी-पेप्टाइडला यकृत हात लावत नाही आणि ते अर्ध्या तासाने निम्मं होतं. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून चाचणीआधी माझं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, पाहून घेतलं. मूत्रपिंड मंद असेल तर सी-पेप्टाइड साचून राहतं आणि आकडा उगाच मोठा दिसतो.

तयारी लहानशीच, पण काटेकोर. आधीचे काही दिवस नेहमीसारखं जेवायचं, पिष्ट पदार्थ मुद्दाम कमी करायचे नाहीत. रात्रीपासून उपाशी, फक्त पाणी. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन घ्यायचं, सकाळचं जेवणाचं इन्सुलिन मात्र नाही. आणि सकाळी शुगर ७० ते २०० च्या मध्ये असली पाहिजे. त्याखाली पेशी गप्प असतात. त्यावर फार असेल तर साखरेच्या त्या माऱ्यानेच पेशी दमलेल्या असतात आणि असतील त्याहून दुबळ्या दिसतात.

पहिली तारीख माझ्या हातून गेली. पहाटे तीनला शुगर ६१, दरदरून घाम. गोळ्या घेण्यावाचून इलाज नव्हता. उपास मोडला. सकाळी मीटरवर २१४. फोन केला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "येऊ नका, आज करून काही उपयोग नाही." मला रडू आलं. पण त्या 'नाही' बद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पहिल्या वेळी असं कुणी म्हटलं असतं तर पाच महिने वाचले असते. मॅडमनी रात्रीचं इन्सुलिन चार युनिटांनी उतरवलं आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या दिवशी सकाळी शुगर १२८. हाताच्या शिरेत एक छोटी नळी बसवली, म्हणजे दर वेळी नव्याने टोचायला नको. पेय पिण्याआधी दहा मिनिटं एक नमुना आणि पिण्याच्या क्षणी दुसरा. या दोन्हींवरून मूळ पातळी ठरते. मग पेय. किलोमागे ६ मिलीलिटर, जास्तीत जास्त ३६०. माझं वजन ५८, म्हणून ३४८ मिलीलिटर मोजून दिलं. गोड, दाट, पोटाला जड. पाच मिनिटांत संपवायचं होतं, सिस्टर घड्याळ धरून उभ्या. शेवटचे दोन घोट मी नाक दाबून घेतले.

त्यानंतर १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी रक्त. एकूण सात वेळा. दर वेळी आधी थोडं रक्त काढून बाजूला टाकायचे, कारण नळीत सलाइन असतं आणि ते मिसळलं तर मोजणी पातळ होते. प्रत्येक नमुन्यातून शुगर आणि सी-पेप्टाइड दोन्ही. दोन वेळच्या नमुन्यांच्या वेगळ्या नळ्या बर्फात ठेवल्या होत्या. त्या ग्लुकागॉनसाठी. त्या संप्रेरकाला रक्तातली विकरं, म्हणजे एन्झाइम, पटकन तोडून टाकतात, म्हणून नळीत आधीच विकर थोपवणारं द्रव्य घातलेलं असतं आणि नळी थंड ठेवावी लागते.

बसून राहायचं, चालायचं नाही, झोपायचं नाही. सोपं वाटतं. पण ज्याला रोज जेवणाआधी इन्सुलिन टोचायची सवय आहे, त्याला ते न घेता शुगर चढताना बघणं फार अवघड जातं. अर्ध्या तासाला १८६. तासाला २४१. तहान लागली, डोळ्यांवर जडपणा आला. इन्सुलिनचं पेन पिशवीत होतं आणि माझा हात सारखा पिशवीकडे जात होता. सिस्टरनी ते पाहिलं. "आज त्याला काम करू द्या," एवढंच म्हणाल्या. 'त्याला' म्हणजे स्वादुपिंडाला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी ते जिवंत असल्यासारखं त्याच्याबद्दल बोललं होतं.

९० मिनिटांना शुगर २६३, १२० ला २५८. शेवटची नळी भरली, हातातली सुई निघाली, आणि मी लगेच पेन काढून मॅडमनी लिहून दिलेले युनिट घेतले. घरी पोचेपर्यंत अंग गळून गेलं होतं.

रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी आकडे वाचून न दाखवता कोऱ्या कागदावर एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली. आधी निरोगी माणसाची रेषा : पेय पोटात गेल्यावर झपाट्याने चढणारी, तासाभरात शिखर गाठणारी, मूळ पातळीच्या कितीतरी पट, आणि शुगर उतरली की उतरणारी. मग टाइप २ ची : सुरुवातीलाच बऱ्यापैकी वर, पण पहिल्या अर्ध्या तासात सुस्त, आणि उशिरा मात्र उंच, कधी निरोग्याहूनही उंच. इन्सुलिन असतं, वेळेवर नसतं आणि लागू पडत नाही. तिसरी रेषा बरीच वर्षं टाइप १ असलेल्याची : जवळजवळ आडवी.

मग माझी. उपाशीपोटी ०.७. अर्ध्या तासाने ०.९. तासाने १.२. दीड तासाने १.३. दोन तासांनी पुन्हा १.२. सगळं नॅनोग्रॅममध्ये, १.३ म्हणजे नॅनोमोलमध्ये सुमारे ०.४३.

रेषा बुटकी होती आणि उशिरा चढणारी होती, पण चढली होती. मी त्या पेन्सिलीच्या रेघेकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. दुप्पटही झाली नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. शुगर २६३ ला जाऊनही एवढंच उत्तर येतंय म्हणजे पेशी बऱ्याच गेल्या आहेत. पण ज्या आहेत त्या जेवण ओळखतात आणि हाक दिली की ओ देतात.

एवढ्याशा उत्तराचं मोल काय? याचं उत्तर मधुमेहावरच्या एका फार मोठ्या अभ्यासात आहे. अमेरिका-कॅनडातला डीसीसीटी हा अभ्यास १९८३ ते १९९३ चालला, त्यात टाइप १ असलेले १,४४१ जण होते. त्यातल्या ज्यांच्यात चेतना दिल्यावर सी-पेप्टाइड ०.२ नॅनोमोल किंवा जास्त येत होतं, त्यांच्यात कडक नियंत्रण ठेवूनही शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग कमी होते आणि डोळ्यांच्या पडद्याचं नुकसानही कमी होतं. पूर्ण भागेल इतकं इन्सुलिन त्यातून येत नाही, पण चढउतारांचे कंगोरे घासले जातात. मी त्या ०.२ च्या वरच्या बाजूला होते आणि पाच महिने खालच्या बाजूची समजून औषध घेत होते.

बर्फातल्या नळ्यांनी दुसरी अर्धी बाजू दाखवली. लँगरहॅन्सच्या बेटांमध्ये, म्हणजे स्वादुपिंडातल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांमध्ये, बीटा पेशींच्या शेजारीच अल्फा पेशी असतात. त्या ग्लुकागॉन सोडतात, आणि ग्लुकागॉन यकृताला साखर सोडायला लावतं. जेवल्यावर बाहेरून साखर येतच असते, म्हणून ग्लुकागॉन खाली जायला हवं. शेजारच्या बीटा पेशींचं इन्सुलिन अल्फा पेशींना आवरतं. माझं ग्लुकागॉन जेवणानंतर अर्ध्या तासाने मूळच्या दीडपट झालं होतं. म्हणजे मी खात होते आणि त्याच वेळी माझं यकृतही साखर ओतत होतं. मधुमेहात, टाइप १ असो की २, हे उलटं वागणं नेहमी दिसतं. नाश्त्यानंतर माझी शुगर एवढी का उसळते, हा प्रश्न मी चार वर्षं स्वतःला दोष देत विचारला होता. त्याचं अर्धं उत्तर त्या दोन नळ्यांत होतं. त्या दिवशी मी खूप हलकी होऊन घरी आले.

याच अल्फा पेशींचा दुसरा दोष याहून घातक आहे. टाइप १ मध्ये काही वर्षांनी शुगर खाली गेली तरी ग्लुकागॉन वर येत नाही. जिथे नको तिथे चढतं आणि जिथे जीव वाचवायला हवं तिथे गप्प. थोड्या बीटा पेशी शिल्लक असतील तर हा बचावही थोडा शिल्लक राहतो, असं मॅडम म्हणाल्या. म्हणूनच माझ्या रात्रीच्या खाली जाण्यांकडे त्यांनी सर्वात आधी लक्ष दिलं.

बीटा पेशींतल्या जीएडी या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्यं त्याच रक्तातून तपासली होती, ती सापडली. म्हणजे लाडाच. पेशी आणखी कमी होत जाणार, हे मॅडमनी लपवलं नाही. किती वेगाने, ते माणसागणिक वेगळं असतं. टेप्लिझुमॅब या औषधाबद्दल मी विचारलं. २०२२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाल्याचं वाचलं होतं. पण ते आजार उघड होण्याआधीच्या टप्प्यासाठी आहे, तो पुढे ढकलायला. माझा तो टप्पा कधीच मागे पडलाय. वाईट वाटलं, पण सरळ उत्तर मिळालं याचं बरंही वाटलं.

उपचार बदलले. इन्सुलिन चालू राहिलं, कारण उरलेल्या पेशींवरचा भार कमी करायचा आहे. पण एकूण डोस जवळजवळ एक तृतीयांश उतरला. नाश्त्याआधीचं इन्सुलिन जेवायच्या वीस मिनिटं आधी घ्यायचं ठरलं, म्हणजे माझ्या उशिरा उठणाऱ्या पेशींची सुरुवातीची उणीव भरून निघते. भूक मारून शुगर उतरवणाऱ्या आणि मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या गोळ्या इतर मधुमेहींना सर्रास देतात, त्यातली दुसरी मला टाळायला सांगितली, कारण इन्सुलिन कमी असलेल्या शरीरात तिने शुगर फारशी न वाढताही रक्तात किटोन नावाची आम्लं साचू शकतात.

पहाटे तीनचा घाम गेल्या सात महिन्यांत दोनदाच आला आहे.

आता दरवर्षी ही चाचणी करायची आहे, त्याच पेयाने, त्याच मापाने, त्याच मिनिटांना. म्हणजे या वर्षीची रेषा आणि पुढच्या वर्षीची रेषा एकमेकींशेजारी ठेवता येतील. कागद मॅडमनी मला दिला आहे. तोपर्यंत कुणी मला नुसतं सी-पेप्टाइड लिहून दिलं तर मी दोन गोष्टी विचारते : नमुना कुठल्या वेळचा, आणि त्याच नळीतून शुगर मोजणार ना? गेल्या महिन्यात दुसऱ्या एका तपासणीच्या वेळी असंच विचारलं. तिथल्या मुलीने थोडं थांबून कागद पाहिला, आणि शुगरसाठी वेगळी नळी काढून तिच्यावर माझं नाव लिहिलं.